न लागलेला खटका

मी एक जुनं कुलूप आहे. मित्रांनो, कुलूप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे किल्ली आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मला किल्ली नाही, कडी नाही आणि चोरांचा काडीचाही अनुभव नाही. मी ओव्हनच्या दाराचं कुलूप. चोर ओव्हनमधून येत नाहीत.

माझा देह लहान. एक मोटर, एक दातेरी चाक, एक आकडा आणि शर्टाच्या गुंडीएवढा एक खटका. वर चार शेगड्या आणि खाली ओव्हन अशा एका भल्यामोठ्या पांढऱ्या चुलीत, दाराच्या अगदी वर, मला बसवलेलं होतं. त्या चुलीच्या कपाळावर इतर बटणांबरोबर ‘साफसफाई’ असंही एक बटण होतं. ते दाबलं की माझं काम सुरू. मोटरने चाक फिरवायचं, आकडा दारात अडकवायचा आणि दार घट्ट लागलं की चाकाने खटका दाबायचा. टक! ही टक ऐकल्याशिवाय चुलीचं डोकं आग पेटवत नाही. ऐकली की मात्र ओव्हन आतून असा तापतो की भिंतींना चिकटलेल्या चरबीची राख होते. मग ती ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. तोवर दार कुणालाही उघडू द्यायचं नाही. थोडक्यात, आगीच्या दारावरचा पहारेकरी म्हणून माझी नेमणूक झाली होती.

कारखान्यात माझ्याकडून हजार वेळा दार लावून घेतलं. हजारही वेळा मी टक केलं. तपासणीच्या बाईने माझ्या पाठीवर हिरवा ठिपका दिला. ती माझी पहिली शाबासकी. दुसरी मिळायला चौदा वर्षं लागली, आणि ती कशासाठी मिळाली हे ऐकलं तर कारखान्यातली ती बाई माझा ठिपका खरवडून काढेल.

जहाजातून मी पोर्तो रिकोला आलो आणि नागुआबो गावात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, प्रोवीबाईंच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. प्रोवीबाईंचा नवरा मोन्से शाळेची बस चालवायचा. दुकानदाराने त्याला खास माझ्याबद्दल सांगितलं होतं, “साहेब, हा ओव्हन स्वतःच स्वतःला साफ करतो.” मोन्सेने घरी येऊन बायकोला तसंच्या तसं सांगितलं. प्रोवीबाई म्हणाल्या, “अस्सं? मग याला विचार, फरशी पण पुसतो का.” एवढं बोलून त्यांनी दार उघडलं आणि आत भांडी रचायला सुरुवात केली.

मला वाटलं, काहीतरी गैरसमज होतोय. नव्हता. आमच्या गावात ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाट. आत तीन तवे, भाताचं जाड बुडाचं पातेलं, झाकण नसलेलं एक भांडं, भांडं नसलेलं एक झाकण आणि कुणीतरी लग्नात दिलेला, अजून खोक्यातच असलेला एक साचा. नाताळात डुकराची मांडी भाजायची वेळ आली की हा सगळा संसार बाहेर काढून पलंगावर मांडायचा, मांडी भाजायची, आणि ओव्हन थंड झाला की पलंग पुन्हा ओव्हनमध्ये. म्हणजे पलंगावरची भांडी. त्यामुळे ओव्हन लावण्याआधी दार उघडून आत बघायचं, हे इथल्या लहान मुलालाही कळतं. ते कुणी शिकवत नाही.

आणि साफसफाई? ती प्रोवीबाई लिंबाने करायच्या, हाताने, गुडघ्यांवर बसून. माझ्या बटणाला त्यांनी चौदा वर्षांत बोट लावलं नाही. इतर यंत्रं सांगतात, आम्ही राबराब राबलो, झिजलो. मित्रांनो, मी राबलो नाही. माझी नोकरी चौदा वर्षांची आणि कामाचा अनुभव शून्य मिनिटांचा. काम नसलं तरी माणूस झिजतो, तसंच कुलूपही. समुद्रावरून खारं वारं यायचं, जाळीच्या खिडकीतून थेट आत. माझ्या खटक्याच्या पातीवर हळूहळू हिरवा गंज चढला. मला ते जाणवत होतं, पण सांगणार कुणाला? शेजारी भांडं नसलेलं झाकण. त्याचं दुःख माझ्याहून जुनं.

दोन वर्षांपूर्वी मोन्से गेला. त्यानंतर नाताळातही ओव्हन लागला नाही.

मोन्सेची एक कॅसेट होती. ती घरात सर्वांना माहीत होती, पण ऐकली कुणीच नव्हती. लग्नाआधी मोन्सेने प्रोवीबाईंवर गाणं रचलं होतं आणि स्वतःच्या आवाजात टेप केलं होतं, असं प्रोवीबाई सांगायच्या. पाच कडव्यांचं. “प्रत्येक कडव्यात मी आहे,” असंही सांगायच्या. मोन्सेचा आवाज असलेली जगात तेवढी एकच वस्तू उरली होती. त्यांची मुलगी यारित्सा एकोणीस वर्षांपूर्वी समुद्रापार ओर्लांडो शहरात गेली, तिकडे एका दातांच्या दवाखान्यात काम करते. वडील गेल्यापासून दर रविवारी फोनवर ती एकच धोशा लावायची, “मम्मी, टेप जुनी झाली की विरते. मला दे, मी तिची प्रत काढून घेते. पोरांना आजोबांचा आवाज तरी राहील.” आणि प्रोवीबाई म्हणायच्या, “सापडत नाही गं. बघते.” मित्रांनो, ती कॅसेट त्यांच्या उशीखाली होती.

मग सप्टेंबरात वादळाचा इशारा आला. यारित्सा आईला सोबत म्हणून विमानाने धावत आली. ती दार वाजवत असताना प्रोवीबाईंनी उशीखालून कॅसेट काढली, भाताच्या पातेल्यात ठेवली, वर झाकण, झाकणाला फडक्याची गाठ, आणि पातेलं ओव्हनमध्ये. वादळात पाण्यापासून वाचवायच्या वस्तू ओव्हनमध्ये ठेवणारे आमच्याकडे बरेच. पण मुलीपासून वाचवायच्या वस्तू ठेवणाऱ्या बहुधा या एकट्याच.

वादळ वाटेतच वळलं आणि उत्तरेकडून निघून गेलं. जाता जाता वीज तेवढी घेऊन गेलं. तीन दिवस मायलेकींनी डबाबंद मासे आणि बिस्किटं खाल्ली. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्या गल्लीतून एकदम आरडाओरडा झाला, “आली! आली!” वीज आली की आमच्याकडे सगळे असे ओरडतात, जणू ती परदेशातून शिकून आली आहे. प्रोवीबाई परसात ओले कपडे वाळत घालायला गेल्या. यारित्साचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. जायच्या आधी आईचं स्वयंपाकघर लख्ख करून द्यावं, असं तिच्या मनात आलं. तिने ओव्हनच्या दाराची काच पाहिली. काच चिकट धुराने इतकी काळी झाली होती की आतलं काही दिसत नव्हतं.

एकोणीस वर्षं ओर्लांडोत राहिलेल्या माणसाचा ओव्हन रिकामा असतो. तिने दार उघडलं नाही. तिने माझं बटण दाबलं आणि ती बादली भरायला न्हाणीघरात गेली.

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू! चौदा वर्षांनी बोलावणं आलं होतं. मोटरने आळस झटकला, चाक कुरकुरत फिरलं, आकडा दारात जाऊन बसला. आता फक्त टक करायचं होतं. मी खटका दाबला. काहीच नाही. चाकाने दुसरी फेरी घेतली. पुन्हा दाबला. गंजलेली पाती नुसतीच वाकली. तिसरी फेरी. चौथी. चुलीचं डोकं वाट बघत होतं, मी फिरत होतो आणि आत पातेल्यात एक माणूस गाठ मारून ठेवलेला होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, हे कबूल करतो. मला फक्त लाज वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा कामावर आलो आणि पहिल्याच दिवशी जमत नाही! मी जीव तोडून टक करायचा प्रयत्न केला. जमलं असतं तर ही गोष्ट सांगताना मला आता तोंड दाखवायला जागा नसती.

शेवटी चुलीच्या डोक्याने कंटाळून हात टेकले. मोटर थांबली, आकडा दारात तसाच अडकून राहिला आणि कपाळावर ‘एफ ९’ अशी अक्षरं लुकलुकायला लागली. सोबत पीं, पीं, पीं.

प्रोवीबाई परसातून धावत आल्या. “काय गं हे? कशाला हात लावलास?”

“काही नाही मम्मी. ओव्हन साफ करायला लावला होता. दार अडकलंय वाटतं.”

प्रोवीबाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांनी ओव्हनच्या दारावर तळहात ठेवला. दार गार होतं. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की पीं पीं क्षणभर ऐकू आलं नाही.

“साफ?” त्या म्हणाल्या. “आत भांडी आहेत ना, बये!”

“ओव्हनमध्ये?” यारित्साने कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई, विसरलेच मी. आम्ही तिकडे नाही ठेवत.”

“मग तिकडे भांडी कुठे ठेवता? बिछान्यात?”

यारित्साने बंदचं बटण दाबलं. पीं पीं थांबलं. दार उघडेना. तिने मूठ धरून ओढलं, गुडघ्याने ढोसलं, पंजाने थोपटलं. मी जागचा हललो नाही. हलणं माझ्या हातात नव्हतं.

“राहू दे,” प्रोवीबाई अगदी सहज म्हणाल्या. “बंद तर बंद.”

“मम्मी, भात कशात शिजवशील?”

“मला भूक नाही.”

“आणि उद्या?”

“उद्याही नसेल.”

“डिसेंबरात?”

“डिसेंबरात बघू.”

यारित्साने आईकडे जरा वेळ बघितलं आणि मग चूल बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. अर्धा तास बासरी वाजली. मग एक अतिशय गोड आवाजाची बाई बोलायला लागली. यारित्साने फोन मोठ्या आवाजावर टाकून ओट्यावर ठेवला.

“बाई, घाबरू नका, असं होतं,” ती गोड बाई म्हणाली. “साफसफाईचं बटण पुन्हा दाबा. कुलूप बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला नीट लागतं. मग तीन तास चालू द्या, गार होऊ द्या, दार आपोआप उघडेल.”

“भांडी आहेत आत. लोखंडाचीच आहेत, त्यांना काही होणार नाही ना?”

“रंग जाईल थोडा.”

“जाऊ दे. नवी घेईन मी मम्मीला.” यारित्साचं बोट माझ्या बटणाकडे निघालं.

ती बाई चुकीचं सांगत नव्हती. दुसऱ्या खेपेला खटका लागलाच नसता, असं छातीठोकपणे मी आजही म्हणू शकत नाही. पहिल्या खेपेच्या फिरण्याने गंज थोडा सैल झालाच होता. आणि एकदा मी टक केलं असतं, की मग कॅसेटचं काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे. प्लास्टिकचा थेंबही उरला नसता.

“दाबू नकोस!” प्रोवीबाई किंचाळल्या. “आत तुझे पप्पा आहेत!”

यारित्साचं बोट हवेतच थांबलं. फोनमधली बाई पूर्वीइतक्याच गोड आवाजात म्हणाली, “बाई, ओव्हनच्या आत कुणी व्यक्ती असल्यास कृपया साफसफाई सुरू करू नका.”

यारित्साने फोन बंद केला.

“टेप,” प्रोवीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. “त्यांची टेप. पातेल्यात आहे.”

“सापडत नाही म्हणाली होतीस.”

“सापडत होती.”

“दोन वर्षं मम्मी! दोन वर्षं मी तुला दर रविवारी विचारतेय. आणि तू मला...” यारित्साचा आवाज फुटला. “मी काय परकी आहे? मी काय विकणार होते ती?”

“विकायला कोण घेतंय,” प्रोवीबाई पुटपुटल्या. पदर असता तर त्यांनी तोंडाला लावला असता. पदर नव्हता, म्हणून त्यांनी ओव्हन पुसायचं फडकं घेतलं आणि ओव्हनच पुसायला लागल्या, बाहेरून.

यारित्सा हमसून रडली, मग नाक पुसून म्हणाली, “मी मघाशी बटण दाबून खुशाल बादली भरायला गेले होते, मम्मी. मी त्यांना जाळणार होते.”

“तू कुठे जाळणार होतीस. तू साफसफाई करत होतीस.”

हे वाक्य कुणाला सुखावेल असं नव्हतं. पण प्रोवीबाईंकडे तेव्हा तेवढंच होतं. मग त्या सज्जात गेल्या आणि शेजारच्या घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “तेयो! ओ तेयो! हत्यारं घेऊन या!”

तेयोकाकांनी उभं आयुष्य गावातली धुलाईयंत्रं दुरुस्त केली होती. आता ते शहात्तर वर्षांचे, हातात पेटी आणि तोंडात शीळ. शीळ कामाच्या अडचणीप्रमाणे बदलते.

“काय मोडलंत दोघींनी मिळून?”

“मी काही मोडलं नाही,” प्रोवीबाई म्हणाल्या. “ओर्लांडोने मोडलं.”

“काका, आधी दार उघडा,” ओर्लांडो म्हणाली. “भांडण नंतर करू.”

तेयोकाकांनी आधी चुलीची वीज बंद करायचं ठरवलं. वीजखोक्यावर मोन्सेने स्वतःच्या हाताने एकेका खटक्यापुढे चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ‘ओव्हन’ लिहिलेला बंद केल्यावर झोपायच्या खोलीतला पंखा थांबला. ‘पंखा’ लिहिलेला बंद केल्यावर न्हाणीघरातला दिवा गेला. ‘दिवा’ लिहिलेल्याने काहीच झालं नाही.

“मोन्सेने सगळ्या चिठ्ठ्या चुकवल्यात की,” काका म्हणाले.

“चिठ्ठ्या बरोबर आहेत,” प्रोवीबाई ताडकन म्हणाल्या. “तारा चुकल्यात.”

शेवटी सगळ्याच घराची वीज बंद केली. तीन दिवसांनी आलेली वीज स्वतःच्या हाताने घालवताना प्रोवीबाईंनी डोळे मिटून घेतले. काकांनी कपड्यांच्या हँगरची तार वाकवली, दाराच्या फटीतून वर घातली आणि माझा आकडा चाचपडायला लागले. दोनदा त्यांनी मला गाठलं, दोनदा तार वाकली. शीळ सावकाश झाली. मग त्यांनी शेगड्यांचा वरचा पत्रा उचलला, दोन स्क्रूंवर थेंब थेंब तेल टाकलं आणि म्हणाले, “आता थांबायचं. गंजाला घाई केलेली चालत नाही.” तिघं ओट्याला टेकून उभी राहिली. प्रोवीबाईंचा हात पुन्हा ओव्हनच्या दारावर होता, जणू आतल्याला ताप आहे.

स्क्रू सुटले. काकांनी माझं चाक बोटाने अर्धी फेरी फिरवलं, आकडा सरकला आणि दार आपल्याच वजनाने खाली आलं. यारित्सा फरशीवर बसली आणि पातेलं मांडीवर घेऊन तिने फडक्याची गाठ दातांनी सोडली. कॅसेट होती तशी होती. वरची मोन्सेच्या हातची शाईसुद्धा जागच्या जागी.

काकांनी मला बाहेर काढून उजेडात धरलं. नखाने खटका दाबून बघितला, पुन्हा दाबला. “हे बघा,” ते म्हणाले. “हा खटका मेलेला. लागला असता ना, तर आग पेटली असती. आणि मग मोन्से...” त्यांनी हाताने धूर दाखवला.

यारित्सा माझ्याकडे बघत राहिली. प्रोवीबाईंनी मला हातात घेतलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

“आळशी निघाला मेला,” त्या म्हणाल्या. “बरं झालं.”

हीच माझी दुसरी शाबासकी. मी तिचा खूप विचार केला आहे. हजार वेळा नीट काम केल्यावर मला एक हिरवा ठिपका मिळाला, आणि एकदा न केल्यावर एका बाईने मला ओंजळीत धरलं. यातून काय शिकावं, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. मी न पेटलेल्या आगीचं श्रेय घेऊ शकत नाही. ते गंजाचं आणि खाऱ्या वाऱ्याचं. माझं आपलं एवढंच, की मी तिथे होतो.

“वाजवून तरी बघू,” यारित्सा म्हणाली. “काही बिघडलं नाही ना ते.”

प्रोवीबाई लगेच म्हणाल्या, “कशावर वाजवणार? टेपरेकॉर्डर कुणाकडे आहे आता?”

“माझ्या गाडीत आहे,” तेयोकाका म्हणाले आणि मला खिशात टाकून चालायला लागले.

“तुमची गाडी कॅसेट खाते!”

“खायची. आता म्हातारी झाली, चावता येत नाही तिला.”

अशा रीतीने मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो. पिकअपच्या पुढच्या एकाच लांब सीटवर तिघं दाटीवाटीने बसली. मधे प्रोवीबाई. त्यांना पळून जायला जागा नव्हती. यारित्साने आपला मोबाइल काढला, टेपच्या जाळीजवळ धरला आणि त्यावरचं लाल बटण दाबलं. प्रत काढणं म्हणजे एवढंच होतं. दोन वर्षांचं भांडण त्या लाल टिकलीत मावलं. काकांनी कॅसेट आत सारली.

आधी खरखर. मग गिटारीसारखी एक तार. मग एक तरुण माणूस गायला लागला:

“प्रोवी गेली अंगणातून, आणि झाडांनी...”

थांबला. खाकरला. पुन्हा पहिल्यापासून. “प्रोवी गेली अंगणातून, आणि झाडांनी...” पुन्हा थांबला. एक मुलगी खुदकन हसली.

“आणि झाडांनी काय केलं?” तिने टेपमधून विचारलं.

“झाडांचं अजून ठरत नाहीये. तू मधे बोलू नकोस. पहिल्यापासून.”

अकरा वेळा, मित्रांनो. मी मोजलं. अकरा वेळा प्रोवी अंगणातून गेली आणि झाडांनी काहीही केलं नाही. दर वेळी ती मुलगी जास्त हसायची आणि दर वेळी तो तिच्यावर जास्त खोटं रागवायचा. शेवटी तो म्हणाला, “जाऊ दे. बाकीचं रविवारी करू.” टेप संपली.

काकांनी कॅसेट अलगद बाहेर काढली. मग तेयोकाका हळूच म्हणाले, “पाच कडवी म्हणाला होतात.”

“तुम्हालाही पाचच सांगितली?” यारित्सा म्हणाली.

“आधी पाच. मोन्से गेल्यावर सात.”

प्रोवीबाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, “त्यांनी पुढचं कधी केलंच नाही. दर रविवारी काहीतरी निघायचं. लग्न, मग तू, मग बस. मी लोकांना सांगत गेले की गाणं पूर्ण आहे. अर्धवट राहिलं असं कसं सांगू? तू तिकडे पोरांना ऐकवलं असतंस आणि ती म्हणाली असती, आजोबांना एक ओळ जमली नाही.”

यारित्साने मोबाइलवरची ती नोंद परत वाजवली, मधूनच. खुदकन हसण्यापाशी थांबवली. पुन्हा तेवढंच वाजवलं.

“मम्मी, हे कोण हसतंय?”

“मीच की.”

“मी तुला असं हसताना कधीच ऐकलं नाही.”

“तेव्हा यायचं,” प्रोवीबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना ते आलं, तसंच, थोडं खरखरीत, पण तेच. यारित्साने डोकं त्यांच्या खांद्यावर ठेवलं. “मी पोरांना हेच ऐकवणार,” ती म्हणाली. “त्यांना आजोबांचा आवाज हवा होता. तुझा पण मिळाला. कडवी कशाला पाहिजेत?” तेयोकाका शीळ घालायला लागले. ही शीळ कुठल्या अडचणीची, ते मला कळलं नाही.

यारित्सा गेली. जाताना नवं कुलूप पाठवते म्हणाली. “मुळीच नको,” प्रोवीबाईंनी सांगितलं. काकांनी माझ्या जागी नुसता पत्रा बसवला. ओव्हन भाजायचं काम करतो, साफसफाईचं बटण मेलेलं आहे. भांडी पुन्हा आत गेली. मी तेयोकाकांच्या सज्जात, जुन्या स्क्रूंच्या डब्यात असतो. डबा पत्र्याचा, दुधाच्या भुकटीचा. झाकण नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

रविवारी यारित्साचा फोन येतो. प्रोवीबाई फोनवर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. यारित्सा आता टेप सापडली का, असं विचारत नाही. ती विचारते, “मम्मी, आज ओव्हनमध्ये काय काय आहे?” आणि प्रोवीबाई सावकाश एकेक नाव घेतात. तवे तीन. पातेलं. भांडं नसलेलं झाकण. “हे कुणी दिलं होतं?” ती विचारते. मग त्या झाकणाची गोष्ट सुरू होते आणि अर्धा तास संपत नाही. गेल्या रविवारी त्या लग्नात मिळालेल्या साच्यावर आल्या होत्या. तो खोक्यातून अजून काढलेला नाही, हे ऐकून पलीकडून नातवंडं हसल्याचा आवाज इथपर्यंत आला.

मित्रांनो, माझं म्हणणं थोडं आहे. तुमच्या घरातलं यंत्र बिघडलं, तर त्याला लाथ घालण्याआधी ते कशामुळे अडलंय ते बघा. वर्षातून एकदा तरी त्याचे कानेकोपरे पुसा, समुद्राजवळ राहत असाल तर दोनदा. हे झालं माझ्यासारख्यांचं. पण तुम्ही एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाल, तुम्हाला त्यांच्याविषयी माया वाटेल, आणि सगळं लख्ख करून द्यावं असं तुमच्या मनात येईल. तेव्हा बटण दाबू नका. आधी दार उघडा. आत काय आहे ते त्यांनाच विचारा, आणि ते सांगायला लागले की तिथेच बसा. सगळ्याच घरांत माझ्यासारखं नादुरुस्त कुलूप नसतं.